मदत हवी आहे : आधाराविना सज्जा, झोळ (टोक खाली वाकणं) कसा टाळावा?

औशाजवळ ओढ्याकाठी काळ्या दगडातलं घर, सेंद्रिय वास्तुकलेच्या (निसर्गाशी एकरूप बांधकामाच्या) वळणाचं. सज्जा १.८ मीटर पुढे काढायचा आहे. अमेरिकी वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या फॉलिंगवॉटर या धबधब्यावरच्या घराचे (आराखडा १९३५) सज्जे टेकू काढताच वाकले, पुढे झोळ सुमारे ७ इंचांवर गेला आणि २००२ मध्ये पोलादी केबल ताणून सावरावे लागले. वरच्या बाजूची सळई कमी, हे मूळ कारण. आपल्याकडे सळई असते, पण काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली दबते; चेअर (वरची सळई उचलून धरणारा सळईचाच टेकू) मात्र कुणी लावत नाही!

आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) च्या लांबी-जाडी ७ या मूळ प्रमाणाने मुळाशी प्रभावी जाडी (खालच्या कडेपासून वरच्या सळईपर्यंतची) सुमारे २६० मिमी धरली आहे. मागे स्लॅब ३ मीटर. शंका अशी : साच्याला टोकाशी उचल (पुढचा झोळ धरून आधीच दिलेला चढ) किती द्यावी? टेकू २८ दिवस ठेवले तर पुरे का? किल्लारीचा भूकंपाचा पट्टा म्हणून दगडी भिंतीऐवजी आरसीसी चौकटीतच सज्जा अडकवावा का?