‘समलिंगी संबंध ठेवणारे’ आणि ‘सजीव संगीत’: हे दोन शब्द लेखात ठेवू का?

निषाद_दादर
मी अकरावीत आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मराठीत लेख दिलाय. विषय मीच निवडला: गाण्याच्या गर्दीत गे माणसाला जेवढं मोकळं राहता येतं, तेवढं बाहेर का नाही? लेख तपासून परत आला तो दोन बदलांसकट. ‘गे’ खोडून ‘समलिंगी संबंध ठेवणारे’ केलंय आणि ‘लाइव्ह म्युझिक’चं ‘सजीव संगीत’. मराठी अंकात मराठी शब्द हवेत हे मला मान्य आहे. पण हे दोन पटत नाहीत.

संदर्भासाठी लेखातला तुकडा देतो:

‘वांद्र्याला बँडस्टँडच्या अँफीथिएटरमध्ये एका बँडचा कार्यक्रम होता. गिटारची तार जुळवता जुळवता गाणारा म्हणाला, पुढचं गाणं माझ्या बॉयफ्रेंडसाठी, तो तिकडे साउंडवाल्याच्या शेजारी उभा आहे. सगळ्यांनी वळून बघितलं. टाळ्या, शिट्ट्या. माझ्या वर्गातली मुलंही टाळ्या वाजवत होती. हीच मुलं वर्गात एकाला त्याच्या चालण्यावरून रोज छक्का म्हणतात. गाणारा स्टेजवर होता आणि चांगला गात होता, म्हणून त्याला माफ. वर्गातला मुलगा गात नाही, तो मागच्या बाकावर बसून जर्नल पूर्ण करतो. कलेच्या बदल्यात मिळतो तो हक्क नाही, ते बक्षीस आहे.’

आता लेखात जिथे मी त्याला ‘गे गायक’ म्हटलंय तिथे ‘समलिंगी संबंध ठेवणारा गायक’ वाचून बघा. तो बिचारा तार जुळवत होता, आणि हे शब्द त्याला थेट बेडरूममध्ये नेऊन ठेवतात. काय लिहू? शुक्रवारी द्यायचंय.

अनुस्वार
‘समलिंगी’ ठेव, ‘संबंध ठेवणारे’ काढून टाक. ‘गे’ नको. एक म्हणजे ‘गे’ मराठीत आधीपासून आहे, हाक मारायला: माये गे, सखे गे. ओव्यांमधून सगळीकडे भेटतो. दुसरं म्हणजे तो मराठीत चालत नाही. विभक्ती लावून बघ: गेंना, गेंचे, गेंनी. वाचणारा अडखळणारच. मग ‘गे लोकांचे’, ‘गे व्यक्तींना’ अशी कुबडी द्यावी लागते. ज्या शब्दाला प्रत्यय पेलत नाही तो भाषेत पाहुणाच राहतो.

मुग्धा_परळ
अनुस्वार, तुमचं व्याकरण बरोबर असेल, पण आमच्या घरात यासाठी कोणता शब्द होता ते सांगते. ‘तसा’. माझ्या आईचा मामेभाऊ परळच्या चाळीत राहायचा, लग्न केलं नाही, गिरणीत होता. गणपतीत रात्रभर भजनाला पेटी वाजवायचा, अख्खी चाळ त्याच्यावर खूश. आणि खाली नळावर त्याच बायका एकमेकींना म्हणायच्या, ‘अगं, तो तसा आहे.’ कसा, ते कोणी सांगायचं नाही. ‘जसा’ नाहीच, नुसता ‘तसा’. माणूस गेला, पण त्याला शब्द मिळाला नाही. निषादने पेटीवाल्या मामाची गोष्टच लिहिली आहे असं मला वाटलं. बाळा, ‘गे’ ठेव. दोन अक्षरं आहेत, जेवताना आईसमोर उच्चारता येतात. ‘समलिंगी’ म्हटलं की ‘लिंग’ ऐकूनच अर्धं घर उठून जातं.

वृद्धिरादैच्
शब्द निवडण्याआधी तो शुद्ध तरी लिहू या. वर्तमानपत्रं ‘समलैंगिक’ लिहितात ते कोणत्या नियमाने? ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे ‘अ’चा ‘आ’, ‘इ’चा ‘ऐ’. समाज–सामाजिक, सप्ताह–साप्ताहिक. मग ‘समलिंग’ला ‘इक’ लावलं तर ‘सामलिंगिक’ व्हायला हवं. मधल्याच ‘लि’चा ‘लै’ होतो कसा? हा हिंदीतून आलेला शब्द आहे. मराठीत ‘समलिंगी’च.

ओंकार_डोंबिवली
‘समलिंग’ला ‘इक’ लागलेलाच नाही. ‘लिंग’चं ‘लैंगिक’ आधी झालं, मग मागे ‘सम’ जोडलं. ‘बहुभाषिक’मध्ये पहिल्या स्वराची वृद्धी कुठे आहे? ‘बाहुभाषिक’ कोणी म्हणत नाही.

वृद्धिरादैच्
‘बहुभाषिक’ चुकीच्या बाजूने साक्षीला आणलात. तिथे ‘भा’ मुळातच दीर्घ आहे, त्यामुळे वृद्धी दिसतच नाही. आणि अर्थाचं काय? ‘लैंगिक’ म्हणजे लिंगासंबंधीचं. ‘समलैंगिक माणूस’ याचा अर्थ काय लावायचा? संबंध समलैंगिक असतील, माणूस नाही.

अनुस्वार
तसं बघितलं तर एकटा माणूस ‘समलिंगी’ही होत नाही. ‘सम’ला दुसरा लागतो. समवयस्क कोणाचा? समकालीन कोणाचा? जुळी मुलं समलिंगी असू शकतात, एकटं मूल नाही. तरीही रूढीने अर्थ बसलाय, म्हणून मी तोच सुचवला.

निषाद_दादर
मला नेमकं हेच खटकतंय. दोन्ही शब्दांत माणूस एकटा उभाच राहू शकत नाही. वर्गातला तो मुलगा एकटाच आहे. त्याचे कोणाशी काही संबंध नाहीत, उलट त्याच्याशी कोणी डबासुद्धा खात नाही. तरी तो जो आहे तो आहे. (तो खरंच गे आहे का, हे मला माहीत नाही आणि मी त्याला विचारणार नाही. पण त्रास त्याला त्याच नावाने होतोय.)

लेखात पुढे ‘क्वीन’ या इंग्लंडच्या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावर एक परिच्छेद आहे. फारुख बलसारा, पारशी मुलगा, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच पहिला बँड केला. १३ जुलै १९८५ ला लंडनमधल्या वेम्ब्लीच्या स्टेडियमवर त्याने हात वर केला की हजारो हात वर जात होते. आणि एड्स झाल्याचं त्याने जाहीर केलं २३ नोव्हेंबर १९९१ ला, मृत्यूच्या आदल्या दिवशी. त्याला गे म्हणायचं की बाय (स्त्री-पुरुष दोघांचीही ओढ असलेला) म्हणायचं यावर लोक अजून भांडतात. मला भांडायचं नाहीये. एवढा आवाज असलेल्या माणसालाही स्टेजच्या खाली गप्प राहावं लागलं, एवढंच म्हणायचंय.

कलम_फोर्ट
वकिली करतो, म्हणून एक मुद्दा मांडतो. निषादच्या कानाला जे खटकलं त्याचं मूळ कायद्यात आहे. भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ माणसाबद्दल बोलतच नव्हतं, कृतीबद्दल बोलत होतं. मथळा होता ‘अनैसर्गिक अपराध’. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांना लागू नाही असं म्हटलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मग ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो जाच काढला. त्या निकालात चर्चा प्रतिष्ठेची, खाजगीपणाची, समानतेची आहे, म्हणजे माणसाची आहे. ‘समलिंगी संबंध ठेवणारे’ लिहिणारा २०१८ च्या आधीच्या भाषेत लिहितो. कोणी मुद्दाम करत असेल असं नाही, पण भाषा तिथेच थांबलीय.

आणि निषाद, लेखात ‘आता सगळे हक्क मिळाले’ असं लिहू नकोस. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क आहे असं मानायला नकार दिला.

अनुस्वार
वकीलसाहेब, ‘हक्क’ की ‘अधिकार’? तुम्ही सरसकट ‘हक्क’ लिहिता. हक्क अरबी, अधिकार आपला.

कलम_फोर्ट
संविधानाच्या मराठी प्रतीत ‘मूलभूत हक्क’ आहे, तेव्हा तो आपलाच. २००५ चा कायदा ‘माहितीचा अधिकार’ म्हणून तोंडी बसला आणि २००९ चा ‘शिक्षण हक्क’ म्हणून. दोन्ही चालतात. पण अधिकार साहेबालाही असतो, फौजदारालाही असतो. हक्क सांगायचा असतो, बजावायचा असतो. मोर्च्यात ‘आमचा हक्क’ हेच ओरडतात.

डफ_तुणतुणे
दुसऱ्या शब्दाकडे कोणी बघतच नाहीये. ‘सजीव’ कुठून आलं ते मी सांगतो. गणपतीत मंडळं ‘सजीव देखावा’ करतात, पुतळ्यांऐवजी माणसं उभी करून. तिथे तो शब्द चपखल आहे. पण ‘सजीव संगीत’? संगीताला जीव असतोच, निर्जीव संगीत कोणतं? आणि ‘थेट’ म्हणाल तर ते प्रक्षेपणाचं.

आमच्या लालबागला हा फरक कसा करतात माहितीये? हळदीला विचारतात, ‘रेकॉर्ड लावलीय का वाजवणारे आणलेत?’ ‘वाजवणारे’ म्हणजे लाइव्ह. बेंजोवाले, ढोलकीवाले, समोर घाम गाळणारी माणसं.

लेखासाठी मात्र मी ‘जलसा’ म्हणेन. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात स्वतःचा विचार भरला, तो सत्यशोधक जलसा. पुढे आंबेडकरी जलसा, नाशिकच्या भीमराव कर्डकांचा. माणसं ढोलकी ऐकायला जमायची आणि पाणवठ्याच्या हक्काची गोष्ट ऐकून उठायची. गाणं आणि हक्क एका शब्दात बसवायचे असतील तर मराठीत तो शब्द तयार आहे. त्यात स्टेजवरचा माणूस आपल्या चाळीतलाच असायचा. टाळ्या त्याला आणि शिव्या त्याच्या भावाला, असं तिथे चालायचं नाही. पोराच्या लेखाचा मुद्दा हाच आहे की नाही?

वृद्धिरादैच्
मराठी शब्द मागितला तर पुन्हा अरबी! जलसा म्हणजे बसणं. मजलिस त्याच धातूचा, कोर्टातला इजलासही त्याचाच. त्यापेक्षा आपली ‘बैठक’ काय वाईट? अर्थ तोच.

मुग्धा_परळ
बैठकीला लावणी असते आणि बैठक घर बघायलाही असते. लग्न जमवायचीसुद्धा. नको.

निषाद_दादर
आणि आम्ही बसत नाही. अँफीथिएटरला पायऱ्या असूनही सगळे उभे होते. बसून ऐकणं आणि उभं राहून ऐकणं यात फरक आहे. उभ्याने शेजारच्याचा खांदा लागतो, त्याचा घाम लागतो, तो कोणासोबत आलाय हे विचारायला सुचतच नाही. ‘जलसा’चा इतिहास मला माहीत नव्हता, तो लेखात घालेन. पण त्या संध्याकाळला जलसा म्हटलं तर वर्गातल्या कोणाला कळणार नाही.

जुना_धोबीतलाव
आम्ही ‘शो’ म्हणायचो. ‘रंगभवनला शो आहे’, बस. झेवियर्सच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. १९७८ ची पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव, तिथेच झाली, नंतर रॉकवाली पोरं पावसात भिजत तिथेच उभी असायची. मग आवाजाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्र, आणि रंगभवन नेमकं कॉलेज आणि इस्पितळांच्या मध्ये. आवाज बंद झाला. रुग्णाला शांतता हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण शहराने दुसरी तेवढी स्वस्त, तेवढी मध्यावरची जागा दिली नाही, हे मात्र चूकच. आज लाइव्ह ऐकायचं तर दारू विकणाऱ्या क्लबात जा, आणि तिथे अकरावीतल्या पोराला दारातूनच परत पाठवतात. निषाद, ज्या गर्दीबद्दल तू लिहितोस ती जमायला आधी मैदान लागतं. हेही लिही.

बॉम्बे दोस्त हे मासिक १९९० ला निघालं, अशोक राव कवींनी काढलं. त्या काळात शोला येणाऱ्यांत ते गुपचूप हातोहात फिरायचं. इंग्रजी पोरं ‘गे’ म्हणायची, आम्ही मराठी पोरं काहीच म्हणायचो नाही.

ओंकार_डोंबिवली
पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी संस्थेला ‘समपथिक’ नाव दिलंय. सम आणि पथिक, लिंग कुठेच नाही. तो चालेल?

अनुस्वार
उत्तम शब्द! समपथिक, समपथिकाचा, समपथिकांना. विभक्ती सुरेख लागते. निषाद, हाच घे.

मुग्धा_परळ
सुरेख आहे, पण वर्गातल्या पोराला उद्या कोणी ‘समपथिक’ म्हणून चिडवणार नाही आणि तो स्वतःला तसं म्हणणारही नाही. चिडवायला एक भाषा आणि आदराने बोलायला दुसरी, असं झालं की आदराची भाषा वार्षिकांकातच राहते. ज्याचं नाव त्याने ठरवावं. ती पोरं स्वतःला ‘गे’ म्हणतात ना? मग आपण का खोडायचं?

वृद्धिरादैच्
प्रत्येक गटाने आपला शब्द इंग्रजीतूनच आणायचा ठरवला तर मराठीने करायचं काय? ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द सावरकरांनी घडवले तेव्हा लोक नाकं मुरडत होते. आज कोणाला परके वाटतात? घडवायला धीर लागतो.

मुग्धा_परळ
महापौरांना त्या नावावरून कोणी मारलं नव्हतं हो.

निषाद_दादर
लेख दिला. ‘गे’ ठेवलाय, एका जागी ‘समपथिक’ही आणलाय, तो कुठून आला ते सांगून. ‘सजीव संगीत’ काढून ‘समोर वाजणारं गाणं’ केलंय, डफकाकांच्या ‘वाजवणारे’वरून सुचलं. ‘समलिंगी संबंध ठेवणारे’ का नको, याची कलमकाकांची कारणं वेगळ्या कागदावर लिहून जोडली आहेत. आता ते काय छापतात बघू. एक राहिलं: शेवटच्या परिच्छेदात प्राइड मार्च आहे, म्हणजे गे आणि त्यांच्यासारख्या इतरांचा उघडपणे निघणारा मोर्चा, ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला तो. ‘प्राइड’ला काय म्हणू?

अनुस्वार
‘अभिमान’. अभिमान पदयात्रा.

डफ_तुणतुणे
‘स्वाभिमान’. अभिमान दुसऱ्याचाही असतो.

वृद्धिरादैच्
‘मार्च’ला ‘पदयात्रा’ हे तरी मान्य आहे ना सगळ्यांना? यात्रा देवाची असते. इथे ‘संचलन’ हवं.

जुना_धोबीतलाव
जॅझची यात्रा झाली की हो. आणि मुंबईच्या मोर्च्याच्या नावात आधीच ‘आझादी’ आहे, क्वीअर आझादी (क्वीअर म्हणजे गे, बाय वगैरे सगळेच). आझादी फारसी. आता यावर बोला.