इनस्क्रिप्टवाल्यांसाठी संवादाच्या अवतरणचिन्हांचा उपाय
ताई, तुम्ही म्हणालात की दर संवादाला अवतरणचिन्हासाठी कीबोर्ड इंग्रजी करावा लागतो आन् त्यात लिहायची तंद्रीच मोडती, ते एकदम खरंय. इनस्क्रिप्टमधे, म्हणजे मराठी टाइप करायच्या या कीबोर्डच्या मांडणीत, अवतरणचिन्हाच्या बटनावर ट बसलाय आन् शिफ्ट धरलं की ठ, मग चिन्ह येणार कुठून? मी आधी ऑल्ट-शिफ्ट दाबून भाषा बदलायचो, पण माझ्या गोष्टीत परभणीकडची माणसं, ती तर नुसती बोलतच सुटतात, पानभर संवाद, मग किती येळा बदलणार.

आता मी काय करतो, संवाद सरळ दुहेरी कंसात लिहितो, कारण शिफ्ट धरून ९ आन् ० दाबलं की कंस मराठी कीबोर्डवरच येतात. म्हणजे असं:

((कामून आला नाहीस रे काल?))
((आबा, तुम्हीच तर म्हणालते--))

पूर्ण गोष्ट झाली की कंट्रोल-एच, म्हणजे शोधून बदलायची सोय. (( च्या जागी “ आन् )) च्या जागी ”, दोन्ही चिन्हं कुठूनतरी कॉपी करून पेस्ट करायची. -- च्या जागी — टाका. अर्धवट तुटलेल्या वाक्यात याचा फायदा लई मोठाय, कारण लिहिताना प्रोग्राम स्वतःच उघडणारं-बंद होणारं ठरवतो ती आपोआप वळणारी चिन्हं डॅशनंतर बऱ्याचदा उलटी पडतात, बंद करायच्या जागी उघडणारं येतं, आन् ते प्रूफ वाचतानाबी पटकन दिसत नाही.

फक्त सगळं एकदम बदलायच्या आधी फाईलची एक कॉपी ठेवा. आन् संवादातल्या संवादाला एकेरी चिन्ह लागतं, ते मी हातानंच टाकतो, गोष्टीत दोन-चारच असतात.