सिम्स ४: किचनच्या नोकरीत माझ्या बाबलीचं प्रमोशन अडकलंय, मदत हवी आहे

शीतकडी, डिचोली:
नमस्कार मंडळी. सिम्स ४, म्हणजे माणसांचं घर-नोकरी चालवायचा तो कॉम्प्युटर गेम, खेळणारं कोणी असेल तर जरा बघा. बेस गेम, म्हणजे मूळ गेम, २०२२ च्या ऑक्टोबरात फुकट झाला तेव्हा भाच्याने लॅपटॉपवर टाकून दिलेला, तसाच पडून होता, आता या पावसात बाहेर पडायची सोय नाही म्हणून मीच खेळायला लागले आणि आता सुटत नाहीये.

माझा सिम, म्हणजे गेममधला माणूस, तो बाबली, त्याला क्युलिनरी, म्हणजे स्वयंपाकाच्या करिअरला लावलाय. असिस्टंट डिशवॉशर, मग हेड डिशवॉशर, केटरर, मिक्सॉलॉजिस्ट (बारमध्ये पेयं बनवणारा) असं करत करत आता लाईन कुक झाला, म्हणजे पाचवी लेव्हल, आणि तिथेच बसलाय. करिअर पॅनलमध्ये बघते तर स्किलच्या सगळ्या अटींवर टिक आहे, रोजचं घरचं काम पण करून घेते त्याच्याकडून, पण तो परफॉर्मन्सचा पट्टा अर्ध्यावर येतो आणि परत खाली. शिफ्टला गेला की दर वेळी वर्क हार्ड (जास्त मेहनत कर) लावते, तरी घरी येतो तो लाल तोंड करून, टेन्स, म्हणजे ताणात. ट्रेट, म्हणजे स्वभाव, त्याचे अ‍ॅम्बिशियस, फूडी आणि आऊटगोइंग.

दीर कळंगुटला हॉटेलच्या किचनमध्ये आहे, त्याला दाखवलं तर तो हसायलाच लागला. म्हणतो वहिनी, आमच्याकडे स्टुअर्डिंगमधून, म्हणजे भांड्यांवरून, किचनमध्ये आत घेईपर्यंतच माणूस टेकीला येतो, मग कॉमी (शिकाऊ कुक) थ्री, टू, वन, मग डीसीडीपी, सीडीपी (एका विभागाचा उपशेफ आणि शेफ), मग कुठे सू शेफ (मुख्य शेफच्या खालचा), आणि बारवाल्याला बढती देऊन कुक कोण करतो, बार तर सर्व्हिसकडे असतो! ते बरोबर आहे त्याचं पण मला गेममधला उपाय पाहिजे. चीट (गेमला फसवायचे कोड) नको, ते मला माहीत आहे.

आणि पुढे शेफ की मिक्सॉलॉजिस्ट असं गेम विचारतो म्हणे, तेही सांगून ठेवा.

म्हापशेकार:
ताई, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, अ‍ॅम्बिशियस. या ट्रेटवाल्याला बढती मिळाली की जबरदस्त आनंद होतो पण मिळाली नाही तर तो टेन्स होऊन बसतो. वर तुम्ही वर्क हार्ड लावता, त्याने पट्टा चढतो हे खरं पण टेन्सचा मूडलेट (मूड ठरवणारा छोटा परिणाम) पण चिकटतो आणि मजा, म्हणजे ती फनची गरज, खाली येते, आणि फन खाली गेली की परत टेन्स. म्हणजे बढती नाही म्हणून टेन्स, टेन्स म्हणून बढती नाही. क्युलिनरीला पाहिजे इन्स्पायर्ड (स्फूर्तीचा) मूड, पॅनलमध्ये लिहिलेलं असतं बघा. मूडलेटच्या आकड्यांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज जास्त तो मूड जिंकतो, त्यामुळे नुसता एखादा इन्स्पायर्ड मूडलेट असून चालत नाही, टेन्सच्या वर जायला पाहिजे.

वर्क हार्ड काही शिफ्ट बंदच ठेवा, नॉर्मलवर जाऊ दे. सुट्टी साठली असेल तर एक रजा घ्या, रजेच्या दिवशी पट्टा खाली येत नाही. त्या दिवशी टीव्ही, गप्पा, झोप, बस.

सत्तरीची माका:
मी हेच करिअर वरपर्यंत नेलंय. म्हापशेकारदादाचं पटलं, फक्त इन्स्पायर्ड कसं करायचं ते राहिलं. शॉवरवर क्लिक केलं की थॉटफुल शॉवर दिसतो, तो निघायच्या अगदी तोंडावर द्यायचा, सकाळी देऊन उपयोग नाही कारण मूडलेट थोडे तास टिकतो आणि शिफ्टच्या अर्ध्यावर उतरतो. दुसरं म्हणजे काही चित्रांना इमोशनल ऑरा (आसपासच्या सिमला मूड देणारा प्रभाव) असतो, पण तो आपण क्लिक करून चालू करावा लागतो, नुसतं भिंतीवर लावून काही होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. इन्स्पायर्डवालं चित्र किचनमध्येच लावा, तिथे तो जेवण रांधत असताना मूड पण येतो आणि कुकिंग पण वाढतं.

बाकी भूक, झोप, आंघोळ हे सगळं हिरवं करूनच पाठवायचं, हे सांगायला नको.

रिवॉर्ड स्टोअरमध्ये (सिमने कमावलेले पॉइंट खर्चायचं दुकान) आंत्रप्रेन्युरिअल नावाचा ट्रेट मिळतो, त्याने बढती लवकर येते. पॉइंट असतील तर आधी तो घे. अ‍ॅम्बिशियस अगदीच नकोसा झाला तर रिट्रेटिंग पोशन (ट्रेट बदलायचं औषध) पण तिथेच आहे, पण मी तरी काढणार नाही, बढती मिळाली की त्याच ट्रेटमुळे तो केवढा खूश होतो.

पेडण्याचो पेले:
कशाला एवढा त्रास, कंट्रोल शिफ्ट सी दाबा, चीट टाका, शेफ करा आणि चहा प्या.

शीतकडी:
पेलेबाब, वाचत तरी जा हो आधी.
बाकी दोघांचे आभार. ऑरा खरंच बंद होता. दोन चित्रं होती बैठकीच्या खोलीत, उगाच शोभेला. कालपासून वर्क हार्ड सोडलंय, पट्टा हिरव्याकडे सरकतोय पण बढती अजून नाही, शिफ्ट मध्येच बंद करून बघते तर काही कळत नाही.

म्हापशेकार:
शिफ्ट संपल्यावरच बढती लागते, मध्ये नाही. तुमच्याकडे लाईट जाते तेव्हा काय करता? शिफ्टच्या आधी सेव्ह करत जा. एक आख्खा दिवस गेममधला म्हणजे आपली २४ मिनिटं, गेली तर जीव चडफडतो.

सत्तरीची माका:
आणि शाखेचं. शेफला गुर्मे कुकिंग (खास पदार्थांचा स्वयंपाक) लागतं, ते स्किल कुकिंग पाचवर पोचल्यावरच उघडतं, म्हणून तू तिकडे जाणार असशील तर आत्तापासून गुर्मेवर रांधायला बसव त्याला. शेवटी सेलिब्रिटी शेफ होतो. मिक्सॉलॉजिस्टकडे सगळं बारचं, तिथे सेलिब्रिटी मिक्सॉलॉजिस्ट, आणि बारमध्ये वाढतात काय तर गेम म्हणतो ज्यूस. आमच्या इथं उर्राक (काजूची दारू) प्यायलेल्या माणसाला हे दाखवा. मी शेफ घेतला, तू पण तोच घे, बाबली फूडी आहे ना.

शीतकडी:
गुर्मे लेव्हल एकला आणलं पण. दीर म्हणतो पेस्ट्री शेफ म्हणून बढती मिळाली तर केक आपणच करणार.