मदत हवी आहे : अपडेटनंतर दुकानाचं बिलिंग ॲप बसेना

मंडळी, सोलापुरात चाटी गल्लीत आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. परवा फोन अँड्रॉइड 12 वरून 14 वर गेला. तेव्हापासून जुनं बिलिंग ॲप उघडलं की नुसता पांढरा स्क्रीन यायचा आणि बंद पडायचं. मी नको तो शहाणपणा केला. ॲप काढून टाकलं आणि जपून ठेवलेल्या एपीके फाईलवरून (म्हणजे ॲप बसवायची फाईल) पुन्हा बसवायला गेलो. आता फोन म्हणतो, हे ॲप जुन्या अँड्रॉइडसाठी आहे, बसणार नाही. शोधल्यावर कळलं की अँड्रॉइड 6 च्या आधीच्या आवृत्तीसाठी केलेली ॲप 14 वर नव्याने बसतच नाहीत. आधीपासून असलेली मात्र राहतात. घ्या!

ॲपवाला फोन उचलत नाही. उधारीचा बॅकअप मेमरी कार्डात आहे, पण तो उघडायला तेच ॲप लागतं. फोन कॉम्प्युटरला जोडून एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला सूचना द्यायचं साधन) कमांडने ही अडवणूक टाळता येते म्हणे. कुणी स्वतः केलंय का? की सरळ एखादा जुना फोन शोधू? सध्या वडील वहीत बिलं लिहितायत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगतायत.