सिंगल सुपर काढणारा इंग्रज जमीनदार : शास्त्राची हौस की खताचा धंदा?

मोहाडीची_लेक
नमस्कार मंडळी. आमची मोहाडीला तीन एकर थॉमसन द्राक्षं आहेत, गोडी छाटणी तोंडावर आलीये म्हणून पप्पांनी परवा सिंगल सुपरच्या (म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट, स्फुरदाचं खत) गोण्या आणून पडवीत रचल्या. आणि नेमकं त्याच दिवशी कॉलेजात सरांनी सांगितलं की या खताचं पेटंट जॉन बेनेट लॉज नावाच्या इंग्रज जमीनदाराने १८४२ साली घेतलं (लॉज म्हणजे नाशिकरोड स्टेशनबाहेरचं नव्हे, बिचाऱ्याचं आडनावच तसं) आणि हा माणूस शेतीशास्त्राचा मोठा आश्रयदाता. रात्री जेवताना पप्पांना सांगितलं तर म्हणे खत विकणारा कसला आश्रयदाता, दुकानदारच तो. मला काही बोलता आलं नाही. कुणाला याच्याबद्दल नीट माहितीये का? परीक्षेपुरतं नकोय, ते नोट्समध्ये आहे.

काळी_माती
ताई, पप्पा अर्धे बरोबर आहेत. लॉज १८१४ चा, आठ वर्षांचा असतानाच वडील गेले. लंडनच्या उत्तरेला हार्टफर्डशायरमध्ये रोथॅमस्टेड नावाची वडिलोपार्जित इस्टेट, वाडा वगैरे सगळं. ऑक्सफर्डला गेला आणि डिग्री न घेताच परत आला. आल्यावर घरातल्या एका बेडरूमची प्रयोगशाळा केली (आपल्याकडे करून बघा, आई अ‍ॅसिडच्या बाटलीसकट बाहेर काढेल). खसखस, बेलाडोना असली औषधी झाडं लावून त्यावर खटपट चालायची.
मग शेजारचा एक जमीनदार त्याला म्हणाला की हाडांचा चुरा काही शेतात शलगमाला मस्त लागू पडतो आणि काही शेतात ढिम्म, असं का? याच्या स्वतःच्या जमिनीतही ढिम्मच. हाडातलं फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही, आणि आम्ल नसलेल्या जमिनीत तर ते तसंच पडून राहतं. याने हाडांवर आणि पुढे खनिज फॉस्फेटवर गंधकाचं आम्ल ओतलं, त्यातून विरघळणारं फॉस्फेट आणि जिप्सम तयार झालं. तुमच्या पडवीतल्या गोणीत आजही तेच आहे, फक्त हाडं गेली आणि रॉक फॉस्फेट आलं.

निफाड_एक्स्प्रेस
एवढं डोक्यावर घ्यायची गरज नाही राव. आयर्लंडच्या जेम्स मरे नावाच्या डॉक्टरने पण १८४२ लाच पेटंट घेतलेलं, लॉजने ते नंतर विकत घेऊन टाकलं. डेप्टफर्डला थेम्सच्या काठी कारखाना काढला, बक्कळ कमावलं आणि १८७२ ला खताचा धंदा ३ लाख पौंडांना विकला. पैसेवाला होता, अजून पैसेवाला झाला, विषय संपला.

नाना_मळेकर
भाऊ, विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. १८४३ ला याने गिल्बर्ट नावाचा केमिस्ट नोकरीला ठेवला, जर्मनीत लीबिग या नामांकित केमिस्टच्या हाताखाली शिकून आलेला, आणि दोघांनी ५७ वर्षं एकत्र काम केलं, आपल्याकडे भावाभावांची वाटणी त्याच्या आधी होते. त्याच वर्षी ब्रॉडबॉल्क नावाच्या शेतात गव्हाचे लांब पट्टे पाडले. एका पट्ट्याला दरवर्षी एकरी १४ टन शेणखत, बाकीच्यांना वेगवेगळी खतं, आणि एका पट्ट्याला काहीच नाही. काहीच नाही म्हणजे आजतागायत नाही. तिथे गहू अजून येतो, हेक्टरी जेमतेम टनभर.
आता गंमत बघ पोरी. हा विकत होता फॉस्फेट. लीबिग म्हणायचा नत्राची काळजी नको, हवेतून पुरेसं मिळतं, खनिजं (फॉस्फेट, पोटॅश वगैरे) द्या. आणि याच्या शेताने दाखवलं की नुसती खनिजं देऊन गहू फारसा वाढत नाही, नत्र पाहिजे. शेणखताचा पट्टा रासायनिक खताच्या तोडीस तोड उतरला, तेही याने छापलं. स्वतःच्या मालाला अडचणीचे आकडे कोणता दुकानदार फळ्यावर लिहितो?
तिकडच्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून त्याचा सत्कार करायचं ठरवलं तर याने प्रयोगशाळा मागितली, ती १८५५ ला उभी राहिली. तोवर काम जुन्या कोठारात चालायचं. पुढे १८८९ मध्ये १ लाख पौंडांचा ट्रस्ट केला, म्हणून १९०० साली तो गेल्यावरही काम थांबलं नाही.

निफाड_एक्स्प्रेस
बरं नाना, आकड्यांचा मुद्दा मान्य. पण ३ लाखातले १ लाख, हेही लिहून ठेवा.

काळी_माती
आणि ताई, जाता जाता, आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे विरघळलेलं फॉस्फेट पण परत बांधलं जातं. पप्पांना सांग नुसतं फेकू नका, शेणखतात मिसळून बोदात (वेलीच्या ओळीच्या मातीच्या वरंब्यात) मुळीजवळ द्या.

मोहाडीची_लेक
थँक्यू सगळ्यांना! नानांचं वाचून दाखवलं. पप्पा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले बिनखताचा पट्टा आपण पण ठेवू. पण दिली कुठली ओळ, तर बांधाकडची, कडुनिंबाखालची, जिथे तसंही काही येत नाही 😄

नाना_मळेकर
ती ओळ चालणार नाही. माल कमी आला तर सावलीने की खत नव्हतं म्हणून, कसं कळणार? याच रोथॅमस्टेडला १९१९ मध्ये फिशर आला, तुमच्या स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकातला तोच, त्याने पुढे हेच डोक्यात भरवलं की प्लॉट आपण निवडायचा नाही, चिठ्ठी टाकायची. ओळींचे नंबर लिहून डब्यात टाक आणि आईला चार चिठ्ठ्या काढायला सांग. पप्पांना डब्याजवळ येऊ देऊ नको.