मदत हवी आहे: शाळिग्राम खरा की कोरलेला?

नेपाळातल्या मुक्तिनाथहून परतताना पोखऱ्याला एका दुकानातून शाळिग्राम घेतला. काळा, मोसंब्याएवढा, दोन फाकांत उघडणारा. आत चक्र, म्हणजे अमोनाइटचा (गुंडाळीसारखा शंख असलेल्या, नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा) जीवाश्म असायला हवा.

सुई तापवून टोचली: शाळिग्राम वितळला नाही, वासही नाही. नेलपॉलिश रिमूव्हरने काळा रंग सुटला नाही. वजन ३२४ ग्रॅम, पाणी सरकलं १२० मिली, म्हणजे घनता २.७. प्लास्टिक नक्की नाही. पण साधा दगड कोरला तरी घनता एवढीच येणार ना!

शंका चक्राबद्दल आहे. शाळिग्राम जिथे सापडतात त्या कालीगंडकी नदीच्या अनेक अमोनाइटांत वरंबे (शंखावरच्या उंच रेघा) बाहेरच्या कडेकडे जाताना दुभंगतात. माझ्यात सगळे सरळ, एकाच खोलीचे, कंगव्याने ओढल्यासारखे. दुसऱ्या फाकेतला ठसाही एका जागी जुळत नाही: इकडे उंचवटा, तर तिकडे खळगा हवा, तिथेही उंचवटाच. एक सोनेरी ठिपका मात्र पायराइट या सोनेरी खनिजासारखा चमकतो.

तो देवघरात बसलाय. फोडणं, घासणं, आम्ल लावणं आई करू देणार नाही. दुकानदाराशी भांडायचं नाही, फक्त खरं काय ते कळायला हवं. हाताशी १० पटींचं भिंग आणि मोबाइल आहे. वरंब्यांच्या खाचांत नेमकं काय दिसलं तर हत्याराची खूण समजायची?