स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, आता कोणी प्रश्नच विचारत नाही. कोड एआय लिहायला लागल्यापासून तुम्ही प्लॅनिंग कसं करताय?

हिंजवडी_फेज२

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय पण वेळ काढून वाचा. मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, चौदा वर्षं झाली, त्यातली पहिली सहा स्वतः जावामध्ये कोड लिहिण्यात गेली. टीम नऊ जणांची, सहा डेव्हलपर, दोन टेस्टर, एक बीए (क्लायंटला नक्की काय हवंय ते समजून घेणारी बिझनेस अ‍ॅनालिस्ट). क्लायंटचं ऑनलाइन दुकान आहे, त्यांचं ऑर्डर आणि रिटर्नचं काम आमच्याकडे. वर्षभरापूर्वी क्लायंटनेच एआय एजंटची (सांगितलेल्या कामाचा कोड स्वतःच लिहिणाऱ्या टूलची) लायसन्सं घेऊन दिली आणि तेव्हापासून माझं प्लॅनिंग कोलमडलंय.

तीन स्प्रिंटमध्ये (ठरावीक दिवसांच्या कामाच्या फेऱ्यांमध्ये) व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये केलेल्या कामाचे स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा), ३८ वरून ६० वर गेली, वरच्या लोकांनी कौतुकाचे मेल पाठवले, पण रिलीजची तारीख एक दिवससुद्धा अलीकडे आली नाही. बर्नडाउन (उरलेल्या कामाचा आलेख) बघितला तर पहिल्या तीन दिवसांत धाडकन खाली येतो आणि मग सरळ रेघ, कारण सगळी तिकिटं (कामाच्या नोंदी) 'इन रिव्ह्यू'मध्ये, म्हणजे दुसऱ्याने कोड तपासायच्या टप्प्यात, तुंबलेली. गेल्या गुरुवारी मोजलं तर १८ पीआर (तपासून घ्यायला पाठवलेले कोडचे बदल) उघडे होते, त्यातला एक २,३०० ओळींचा, आणि रिव्ह्यू करू शकतील असे सिनिअर फक्त दोघं, त्यातली एक रात्री अकराला मुलीला झोपवून परत लॅपटॉप उघडते हे मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या महिन्यात रिटर्नचं एक तिकीट होतं, 'ऑर्डरमधली एक वस्तू परत केल्यास त्या वस्तूचे पैसे परत द्यावेत'. एवढंच लिहिलेलं. एजंटने दुपारपर्यंत कोड दिला, टेस्टसुद्धा त्यानेच लिहिल्या, सगळं हिरवं. यूएटीमध्ये (क्लायंट स्वतः वापरून बघतो त्या चाचणीत) क्लायंटच्या बाईंनी २,५०० ची ऑर्डर केली, ५०० चं कूपन लावलं म्हणजे भरले २,०००, आणि ५०० ची वस्तू परत केली. सिस्टिमने पूर्ण ५०० परत दिले. कूपन सगळ्या वस्तूंवर वाटलं तर ४०० च द्यायला हवे होते. त्यात ते कूपन २,२०० च्या वरच्या खरेदीलाच लागू होतं आणि वस्तू परत गेल्यावर खरेदी उरली २,००० ची, मग कूपन राहतं की जातं? याचं उत्तर आमच्याकडे कोणाकडेच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

पूर्वी असं तिकीट घेतलेला मुलगा इफ-एल्स टाइप करता करता अडायचा, खुर्ची वळवून विचारायचा 'अहो कूपन असेल तर काय करायचं?', मी बीएला विचारायचो, ती क्लायंटला मेल टाकायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं. आता स्टँडअप सात मिनिटांत संपतो, सगळे म्हणतात 'झालं, रिव्ह्यूला टाकलंय'. मला ती शांतता बरी वाटत नाहीये.

तर एस्टिमेट कसं करता तुम्ही? स्टोरी पॉइंट ठेवलेत की सोडले? आणि क्लायंट आता म्हणतोय एआय वापरताय ना मग रेट कमी करा, त्याला काय सांगता?

---

कोथरूडकर_७९

सगळ्यात आधी डेव्ह (नुसतं कोड लिहिणं) पूर्ण झालं की पॉइंट मोजता ना, ते आजच बंद करा. मर्ज होऊन (मूळ कोडमध्ये मिसळून) टेस्ट होऊन गेलं तरच मोजा. तुमची व्हेलॉसिटी ६० नाहीये, ती पूर्वीइतकीच आहे, फक्त ढिगारा मोठा झालाय. जॉन लिटल यांचा १९६१ सालचा साधा नियम आहे, रांगेत किती आहेत भागिले रोज किती बाहेर पडतात, तेवढे दिवस सरासरी थांबावं लागतं. १८ पीआर उघडे आणि रोज ३ मर्ज होत असतील तर प्रत्येक पीआर सरासरी सहा दिवस नुसता पडून राहणार. दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये सहा दिवस! कोड दोन तासांत लिहिला काय आणि दोन दिवसांत लिहिला काय, काही फरक पडत नाही. रिव्ह्यूच्या कॉलमला मर्यादा घाला, समजा सहा. सहा झाले की नवीन तिकीट उचलायचं नाही, जाऊन दुसऱ्याचा पीआर वाचायचा.

---

सेमीकोलन_आई

मी टेक लीड आहे आणि रात्री अकराला लॅपटॉप उघडणाऱ्यांपैकीच आहे म्हणून हे मनापासून लिहितेय.

२,३०० ओळींचा पीआर कोणी वाचत नाही हो. वाचल्यासारखं करतात. सिस्कोमध्ये झालेला कोड रिव्ह्यूचा जुना अभ्यास आहे, त्यात एका बैठकीत २०० ते ४०० ओळींच्या पुढे गेलं की चुका सापडायचं प्रमाण घसरतं आणि तास-दीड तासानंतर डोकं चालत नाही असं दिसलं होतं. माणसाचं डोकं तेव्हा जेवढं होतं तेवढंच आजही आहे. आमच्याकडे ४०० च्या वरचा पीआर परत जातो, आणि वर्णन एजंटने लिहिलेलं चालत नाही, ज्याच्या नावावर पीआर आहे त्याने स्वतः चार वाक्यांत मराठीत लिहा इंग्रजीत लिहा पण स्वतःच्या शब्दांत लिहायचं की काय बदललं आणि का. ज्याला ती चार वाक्यं लिहिता येत नाहीत त्याला कोड कळलेला नाही, मग तो मी का वाचू?

एआयच्या कोडचा रिव्ह्यू थकवतो याचं कारण पण सांगते. नवीन मुलाचा कोड वाचताना तो कुठे गोंधळलाय ते दिसतं, व्हेरिएबलची नावं विचित्र असतात, अर्धवट कॉमेंट असते, तिथे नजर थांबते. एजंटचा कोड सगळीकडे सारखाच नीटनेटका, जिथे बरोबर आहे तिथेही आणि जिथे त्याने अंदाज मारलाय तिथेही. तुमच्या कूपनच्या ओळीवर कोणाची नजर थांबली नसणार कारण ती ओळ दिसायला छानच होती.

आणि दादा, तुम्ही ती शांतता म्हणालात ना तेच खरं दुखणं आहे. खुर्ची वळवून आलेला प्रश्न हाच तुमच्या प्लॅनचा धोक्याचा इशारा होता. माणूस अडला की विचारतो, एजंट अडला तरी काहीतरी गृहीत धरून पुढे जातो. काम कमी नाही झालं, ते प्रश्न दुसऱ्या दिवशी यायचे ते आता यूएटीला येतात आणि तिथे ते फार महाग पडतात.

---

बगवाली_ताई

टेस्टिंगमध्ये अकरा वर्षं. 'टेस्टसुद्धा त्यानेच लिहिल्या, सगळं हिरवं' हे वाचून पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे अगदी हेच झालंय. ज्याने कोडमध्ये ५०० गृहीत धरले तो टेस्टमध्येही ५०० च अपेक्षित लिहिणार, मग टेस्ट पास होणार नाही तर काय! त्या टेस्टने एवढंच सिद्ध होतं की त्याचं स्वतःशी एकमत आहे.

आम्ही एक केलं आणि ते मला खरंच उपयोगी वाटतं. कोड सुरू व्हायच्या आधी तिकिटावर आकड्यांचा छोटा तक्ता टाकायचा, बीए आणि टेस्टरने मिळून. ऑर्डर एवढी, कूपन एवढं, परत काय केलं, पैसे किती मिळाले पाहिजेत. पाच-सहा ओळी. अपेक्षित आकडा माणसाने ठरवायचा, बिझनेसला विचारून. तक्ता भरायला बसलात की कूपनचा प्रश्न तिथेच येतो, कारण शेवटचा रकाना भरताच येत नाही. मग तोच तक्ता एजंटला द्या, टेस्ट त्यावरून लिहू दे, माझी काही हरकत नाही.

म्हणून टेस्टरला स्प्रिंटच्या शेवटी बोलावू नका, पहिल्या मीटिंगला बसवा. आमच्या मॅनेजरने हे मान्य करायला पाच महिने लावले.

---

बंगळूरचा_नगरकर

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. सगळे ब्रेक लावायच्याच गोष्टी करतायत. आम्ही छोटी प्रॉडक्ट टीम आहोत, चार जण. आता आम्ही नुसतं तिकीट लिहून चर्चा करत बसत नाही, सोमवारी सकाळी एजंटकडून कामचलाऊ स्क्रीन बनवून घेतो आणि दुपारी ग्राहकासमोर ठेवतो. लोक डॉक्युमेंट वाचून प्रश्न विचारत नाहीत, बटण दाबलं की विचारतात 'अरे माझं कूपन कुठे गेलं?'. तेच प्रश्न जे तुम्हाला यूएटीला आले ते आम्हाला पहिल्या दिवशी येतात. अट एकच, तो कोड नंतर टाकून द्यायचा, आणि ते टाकून देणं मॅनेजरच्या जिवावर येतं कारण त्याला वाटतं झालंच आहे की सगळं.

एस्टिमेटबद्दल मात्र सावध राहा. २०२५ च्या जुलैमध्ये एमईटीआर या संस्थेचा अभ्यास आला होता, १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांचेच ओळखीचे प्रोजेक्ट, २४६ कामं. आधी त्यांना वाटत होतं एआयने २४ टक्के वेळ वाचेल, काम झाल्यावरही वाटत होतं २० टक्के वाचला, प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. टूल तेव्हाची होती, आज आकडा वेगळा येईल, आणि अनोळखी कोडबेसवर तर मला स्वतःला भरपूर फायदा होतो. पण करणाऱ्यालाच स्वतःचा वेग कळत नाही हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपलं सगळं पोकर प्लॅनिंग (टीमने मिळून कामाचा अंदाज ठरवणं) त्याच 'मला वाटतं'वर चालतं. म्हणून आम्ही पॉइंट सोडले. तिकीट उचलल्यापासून लाइव्ह जाईपर्यंत किती दिवस गेले तेवढंच लिहून ठेवतो आणि पुढची तारीख त्यावरून देतो.

---

ठाणे_लोकल_८४२

रेटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. टीअँडएम (लागलेल्या तासांप्रमाणे पैसे देण्याचं) कॉन्ट्रॅक्ट असेल तर क्लायंट तासच मोजणार, त्याला दोष देऊ नका, तासांची सवय आपणच लावली. मी त्यांच्यासमोर एका तिकिटाचा पूर्ण प्रवास ठेवला, समजून घेणं दोन दिवस, कोड अर्धा दिवस, रिव्ह्यू आणि टेस्ट तीन दिवस, त्यांच्याकडून उत्तर यायची वाट बघण्यात चार दिवस. शेवटचा आकडा बघून ते स्वतःच गप्प झाले. रेट थोडा कमी करावा लागला, खोटं नाही सांगत, पण टीममधला एक टेस्टर काढायला सांगत होते ते थांबलं. आणि कृपा करून फ्रेशर घेणं बंद करू नका, पाच वर्षांनी रिव्ह्यू करणारे आणणार कुठून?

---

हिंजवडी_फेज२

सगळ्यांचे खरंच आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सोमवारच्या प्लॅनिंगमध्ये तीन गोष्टी केल्या. रिव्ह्यूची मर्यादा सहा, ४०० ओळींचा नियम, आणि ताईंचा तक्ता. पहिल्याच दिवशी दुपारी तीनला रिव्ह्यूचा कॉलम भरला आणि दोन मुलं येऊन म्हणाली आता आम्ही काय करू, त्यांना सिनिअरच्या शेजारी बसवून वाचायला लावलं. एकाने संध्याकाळपर्यंत सात शंका काढल्या, त्यातल्या दोन खऱ्या निघाल्या.

अजून एक माझ्या मनाने केलं. पुढचं तिकीट एक्स्चेंजचं आहे, त्यावर एजंटला कोड लिहू न देता आधी विचारलं की तू काय काय गृहीत धरणार आहेस ते लिहून दे. अकरा मुद्दे आले. सात बीएने जागेवर निकालात काढले, चार क्लायंटला पाठवले. तीन मुद्द्यांची उत्तरं मंगळवारी आली, पण महागाची वस्तू देऊन स्वस्तातली घेतली तर फरक पैशात द्यायचा की वॉलेटमध्ये, यावर त्यांचं म्हणणं फायनान्सला विचारून सांगतो. आज शुक्रवार, उत्तर नाही. तिकीट 'तयार नाही'च्या रकान्यात ठेवलंय, सकाळी वरून विचारणा झाली की एआय असताना हे का अडलंय, तर तोच प्रश्न कोणाकडे आणि कधीपासून पडलाय ते तारखेसकट लिहून पाठवलं.

स्टँडअप आज सतरा मिनिटं चालला.